पदवीचा आनंद आणि घरचा जमाखर्च

घरात मूल पदवीधर झाले की त्या वार्तेबरोबर दोन पाहुणे उंबरठा ओलांडून आत येतात. एक आनंद आणि दुसरी चिंता. आनंद सर्वांच्या वाट्यास येतो. चिंता मात्र घर चालविणाराच्या. "पेढे तर पोचले, आता समारंभ केव्हा?" असे शेजारी विचारतात, आप्त विचारतात, आणि या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या भरात कित्येक मध्यम स्थितीची कुटुंबे अशा खर्चात उतरतात की, आनंद ओसरून गेल्यावरही त्याची फेड करीत बसावे लागते. रावेरसारख्या तालुक्याच्या गावीही हल्ली पदवीच्या सोहळ्यास लग्नाचे रूप येऊ लागले आहे. मंगल कार्यालय, विजेची रोषणाई, चौकात पदवीधराच्या छायाचित्राचा भला मोठा फलक, काळा झगा व चौकोनी टोपी भाड्याने आणून काढलेली चित्रे, आणि शेवटी पंगतीऐवजी उभ्याने उरकावयाचे जेवण. यांपैकी कोणत्याही गोष्टीशी आमचे वैर नाही. आनंद करावा, तो चारचौघांना बरोबर घेऊन करावा, असेच आमचे मत आहे. परंतु हा आनंद कोणाचा व कोणासाठी, हे आधी ठरविल्यावाचून त्याचा खर्च ठरविता येतो काय?

आपल्या जुन्या रीतीकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलेले आढळते. विद्या पुरी झाल्यावर गुरुगृहाहून स्वगृही परतण्याचा जो संस्कार, त्याचे नाव समावर्तन. त्या वेळच्या विधिपूर्वक स्नानावरूनच विद्या संपविलेल्यास 'स्नातक' म्हणू लागले, व आजही विद्यापीठांच्या व्यवहारात तोच शब्द चालतो. या संस्कारातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी गुरूची अनुज्ञा व गुरुदक्षिणा, मग स्नान, आणि त्यानंतर नवी वस्त्रे, छत्री, जोडे. म्हणजे आधी देणे, मग घेणे. पुढे आपल्या घरांतून हा संस्कार आकसत गेला व लग्नाच्या आधी घटकाभरात उरकावयाची सोडमुंज तेवढी उरली. आजच्या पदवीच्या समारंभात जे हरवले आहे ते डामडौलाने भरून निघणारे नाही. हरवला आहे तो हा क्रम.

खानदेशापुरते बोलावयाचे तर येथे पदवी ही वस्तू फार दिवस दुर्मिळ होती. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे त्यांतलेच. परंतु तापीकाठच्या मुलास त्या पायरीपर्यंत पोचावयाचे म्हणजे गाव सोडून पुण्यामुंबईस राहावे लागे, आणि एका मुलाच्या शिक्षणापायी घरातील इतरांनी पोटाला चिमटा घ्यावा लागे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. १९४९ मध्ये पुण्यास विद्यापीठ झाले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले, आणि २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले.

या नावाचा अर्थ आम्हांस फार मोठा वाटतो. जळगावजवळील आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या आणि १९५१ साली निवर्तलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्या जात्यावर, शेतात, चुलीपुढे रचीत गेल्या व घरच्या शिकलेल्या मुलांनी ते कागदावर उतरवून घेतले. म्हणून ते काव्य आज आपल्यास आहे. आज खानदेशातील मुलाच्या हाती जे पदवीपत्र पडते त्याच्या माथ्यावर एका निरक्षर बाईचे नाव असते. ज्यांच्या कष्टावर विद्या उभी राहते पण ज्यांना स्वतःस ती लाभत नाही, त्यांचे स्मरण याहून नेमके कसे करावे?

हा विचार आमच्या मनात घोळू लागण्यास कारण घरचेच झाले. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या जळगावास राहून चार वर्षांत औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर झाली. घर एकत्र, तीन बिऱ्हाडांचा स्वयंपाक एका चुलीवर. निकालाच्या रात्रीच समारंभाची बोलणी निघाली व त्यात दोन पक्ष पडले. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की, तीनशे पाने तरी व्हावयास हवीत. "दादा, आजवर आपण सगळ्यांच्या घरी जेवून आलो, आता आपली पाळी आली तर मागे सरावयाचे काय? आणि मुलाचे असते तर तुम्ही केलेच असते!" हा शेवटचा बाण वर्मी लागणारा होता, कारण तो खोटा नव्हता. मुलीच्या यशास मुलाच्या यशाहून कमी वाजवावे, हे आमच्यापैकी कोणासही मान्य नव्हते.

दुसऱ्या बाजूस कर्ज होते. मुलीच्या शिक्षणासाठी बँकेकडून शैक्षणिक कर्ज काढलेले होते. या कर्जाची रीत अशी असते की, शिक्षण चालू असताना व ते संपल्यावर साधारण एक वर्षपर्यंत परतफेडीची सवलत मिळते. परंतु व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढत असते. म्हणजे समारंभाचे वर्ष व हप्ते सुरू होण्याचे वर्ष ही एकमेकांस चिकटूनच येतात. पुष्कळ घरांतून या सवलतीच्या वर्षास मोकळीक समजतात. वस्तुतः ते तयारीचे वर्ष होय. तीनशे पानांचा खर्च म्हणजे मुलीच्या पहिल्या नोकरीच्या कित्येक हप्त्यांवर आधीच हात टाकणे. ज्या मुलीच्या गौरवासाठी समारंभ, तिच्याच डोक्यावर त्याचा भार!

वाद चालला असता आमची आत्या माजघराच्या दाराशी बसून सर्व ऐकत होती. तिचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. सातवीत ती वर्गात पहिली आली. परंतु भावांच्या शिक्षणापुरतेच घरात पैसे होते, म्हणून तिची शाळा तेथेच थांबली. थोड्याच वर्षांत वैधव्य येऊन ती माहेरी परतली, आणि तेव्हापासून या घरातील प्रत्येक मुलास पाढे तिनेच शिकविले. ती म्हणाली, "अरे, तीनशे माणसे कोण ते आधी लिही तरी. मग पैशांचे पाहू."

यादी लिहावयास घेतली आणि वादाचा निम्मा जोर तेथेच ओसरला. कारण नावापुढे नाव येऊ लागले तेव्हा त्यांचे आपोआप दोन भाग पडले. एका भागात अशी माणसे की, ज्यांनी या मुलीच्या शिक्षणास काही ना काही दिले होते: कोणी वेळ, कोणी पुस्तके, कोणी परीक्षेच्या काळात आपल्या घरची खोली. दुसऱ्या भागात अशी की, ज्यांना आमचे वैभव दिसावे एवढ्याचसाठी ती बोलवावयाची होती. पहिल्या भागातील नावे साठाच्या आत भरली. त्यांत प्राथमिक शाळेचे गुरुजी होते, तालुक्याच्या ग्रंथालयातले गृहस्थ होते, जळगावास जिच्याकडे ती जेवावयास असे ती खाणावळीची बाई होती, आणि चार वर्षे पहाटेच्या गाडीस तिला स्टेशनवर पोचविणारा रिक्षावालाही होता. गंमत अशी की, तीनशेच्या यादीत या शेवटच्या दोघांचा पत्ता नव्हता.

माणसांच्या संख्येने गौरव वाढत नाही, याला आपल्या इतिहासातलाच एक दाखला आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांस पदवी मिळाली. त्या प्रसंगी आपले म्हणावे असे त्यांच्या भोवती कितीसे असणार? पण पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई निवर्तल्या. मेजवानीत पदार्थ काय होते हे आज कोणी विचारीत नाही. कोण कोठून आले होते, हे मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही सांगावेसे वाटते.

साधेपणाने केलेले कार्य हलके दिसते, ही भीती उरली असेल तर तिलाही आमच्या परिसराने उत्तर दिलेले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये रावेरच्या शेजारी फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. शोभेचे काम शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होते, आणि गांधीजींचा आग्रह असा की, जे काही उभारावयाचे ते खेड्यातल्या सामानातून व खेड्यातल्या कारागिरांच्या हातून. बांबू आणि खेड्यातील साधे सामान यांतून ते नगर सजले, व ज्यांनी ते पाहिले त्यांना ते दरिद्री न वाटता देखणे वाटले. राष्ट्राच्या कार्यास जे चालले ते आमच्या अंगणास का चालू नये?

आता तपशील सांगतो, कारण अशा लेखात गृहिणीस उपयोग होतो तो तपशिलाचाच. पहिली गोष्ट म्हणजे दिवस. निकाल लागताच आषाढात कार्य करण्याची घाई पुष्कळांना होते. परंतु ते दिवस पावसाचे व पेरणीचे. त्यापूर्वीचा खानदेशी उन्हाळा तर माणसास घराबाहेर पडू देत नाही, आणि मे-जूनच्या वादळात केळीची उभी बाग आडवी झालेल्या घरी निमंत्रण घेऊन जाणे हेही बरे दिसत नाही. शिवाय आमच्यासारख्या घरांतून चातुर्मासात वांगे, कांदा, लसूण वर्ज्य. चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग वांगे घरात येते. म्हणून आम्ही चंपाषष्ठीनंतरचा, नाताळच्या सुटीतला रविवार धरला. थंडी असल्याने पंखे नकोत, मांडव मोठा नको. परगावचे लोक सुटीमुळे येऊ शकतात. आणि हंगामातल्या वस्तू स्वस्तही असतात व चांगल्याही.

दुसरी गोष्ट जेवण. खानदेशात थंडीच्या दिवसांत भरताची वांगी असताना परप्रांतीय पक्वान्नांची यादी करणे म्हणजे घरी गंगा असता विहीर खणणे होय. जळगावचे भरताचे वांगे व जळगावचे केळे या दोहोंस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काय उगाच? वांगी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजावीत, सोलून लाकडी भांड्यात ठेचावीत, वर हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे व खोबरे यांची फोडणी. माणशी पाव किलो कच्चे वांगे धरले म्हणजे साठ माणसांस पंधरा किलो पुरे. भरतासोबत कळण्याची भाकरी व थोड्या पुऱ्या. वरणबट्टीसाठी रवाळ दळलेली कणीक सात किलो व तुरीची डाळ तीन किलो. गोडास केळी घालून केलेला शिरा. लसूण-कांदा न खाणाऱ्या वडील मंडळींसाठी एक पातेले वेगळे. हे सर्व घरच्या बायकांवर मात्र टाकू नये. काटकसर म्हणजे घरातील स्त्रियांचे फुकट श्रम, असा अर्थ पुष्कळ घरांतून रूढ आहे, तो सोडावा. आम्ही एक आचारी व दोन मदतनीस रोजाने लावले, आणि वाढण्याचे काम घरच्या पुरुषांनी केले.

पाने केळीची. रावेरच्या माणसास ती विकत घ्यावी लागू नयेत. पण एक खबरदारी घ्यावी. घड पोसत असलेल्या झाडाची हिरवी पाने कापली तर फळ नीट भरत नाही. घड उतरविलेल्या झाडांचीच पाने मागावीत. दाराशी बांधावयाचे खांबही त्याच झाडांचे. आपल्या शोभेपायी शेतकऱ्याच्या घडाचे वजन घटू नये.

तिसरी गोष्ट पैसा. आम्ही पंधरा हजार रुपयांची मर्यादा आधी घातली व मग वाटणी केली. जेवणाचे सामान ७,०००, आचारी व मदतनीस ३,०००, मांडव, सतरंज्या, खुर्च्या व भांडी यांचे भाडे १,५००, गुरुजनांस उपरणे, श्रीफळ व एकेक पुस्तक यांसाठी १,५००, मुलीच्या प्राथमिक शाळेच्या ग्रंथसंग्रहास १,५००, किरकोळ ५००. निमंत्रणे मोबाईलवरून गेली. परंतु गुरुजींकडे व खाणावळीच्या बाईंकडे मुलगी स्वतः जाऊन आली. निमंत्रणातच लिहिले होते की, आहेर आणू नये. आहेर बंद केला म्हणजे परतफेडीची वहीही बंद होते, आणि पुढच्या वर्षी ज्याच्या घरी असे कार्य निघेल त्याच्या डोक्यावर आपल्या समारंभाचे माप राहत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. एकत्र कुटुंबात एक मूल पदवीधर होते त्याच वर्षी दुसरे एखादे नापास झालेले असते. आमच्याही घरी तसेच होते. अशा वेळी 'ताईकडे पाहून शीक' हे वाक्य पाहुण्यांच्या तोंडी हमखास येते, व त्या एका वाक्याने जे नुकसान होते ते वर्षभराच्या शिकवणीने भरून निघत नाही. यासाठी आम्ही मोठ्या माणसांस आधीच विनंती करून ठेवली की, त्या दिवशी गुणांची चर्चा नको. आणि त्या मुलाकडे काम दिले ते मानाचे: पाहुण्यांस दारातून आत आणून बसविण्याचे. तो दिवसभर लपला नाही, एवढीच आमची अपेक्षा होती. ती पुरी झाली.

कार्यक्रम म्हणावा असा तासाभराचाच होता. मुलीने भाषण केले नाही. तिने एकेकाचे नाव घेऊन त्यांनी तिला काय दिले तेवढे सांगितले व नमस्कार केला. खाणावळीच्या बाई पदराने तोंड झाकून बसल्या. रिक्षावाल्यास काय करावे हे सुचेना. गुरुजींचा सत्कार झाल्यावर तिने पदवीपत्र आत्याच्या हाती दिले. आत्याने चष्मा पुसून ते वरपासून खालपर्यंत वाचले. माथ्यावरचे बहिणाबाईंचे नाव तिने मोठ्याने उच्चारले, मग आपल्या भाच्याच्या मुलीचे. आणि म्हणाली, "माझे पाढे वाया गेले नाहीत तर." धाकटे बंधू हातात वरणाचे पातेले घेऊन उभे होते. तीनशे पानांची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

ज्यांची स्थिती पंधरा हजारांचीही नाही त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. आमच्या भागात निरनिराळी मंडळे व ज्ञातिसंस्था दरवर्षी विद्यार्थ्यांचे गुणगौरव करतात; त्याच धर्तीवर एका आळीतील चार घरांनी मिळून एक दिवस धरला तर मांडव एक, आचारी एक, आणि आनंद चौपट. तेवढेही नको असेल तर ज्यांचे देणे लागतो अशा पाच माणसांस घरी बोलावून भरीत-भाकरी खाऊ घालावी. समावर्तनाचा गाभा त्यात पुरा येतो.

तात्पर्य, खर्चाचा आकडा हा समारंभाचा आरंभ नव्हे, शेवट होय. प्रथम यादी करावी, आणि ती करताना प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: या व्यक्तीस आपण काही दाखवावयाचे आहे, की या व्यक्तीचे आपण काही लागतो? दाखविण्याच्या यादीस अंत नसतो. देण्याची यादी मात्र प्रत्येक घरी मोजता येते, आणि ती कोणत्याही मध्यम स्थितीच्या कुटुंबास परवडते. पदवी मिळविणाऱ्या मुलासही या यादीचा एक लाभ होतो. आपण एकट्याच्या बुद्धीने येथवर आलो नाही, हे त्यास पुस्तकाबाहेर प्रथमच, आणि भरल्या पंगतीत, समजते.